अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली, मुलांना 'माझी आवडती मैत्रीण' या विषयावर शंभरदा निबंध लिहायला लावले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा नुसती माइक धरून उभी राहिले. समोर तुझा फोटो. फोटोतही तू हसत होतीस, म्हणजे मलाच हसत होतीस असं मी धरून चालले. शेवटी तुझ्या लेकीनं, मित्रानं, येऊन मला हाताला धरून खाली बसवलं. ती तुझ्यापेक्षा समजूतदार आहे, हे मी तुला तुझ्या तोंडावर सांगितलेलंच आहे.

तर तिथे बोलता आलं नाही ते आता लिहिते आहे. तुझा जन्म, तुझं गाव, तुझी नोकरी, ते सगळं इतरांनी सांगितलं आणि चांगलं सांगितलं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट टाकून तू गेलीस. त्या भांडणात तुझा रविवारचा वर्ग अडकलेला होता आणि हे तुला पक्कं ठाऊक होतं.

आपली ओळख भांडुपच्या शाळेतली, पण मैत्री झाली ती माझ्या लग्नामुळे. स्टाफरूमनं ठरवून प्रत्येकी एक्कावन्न रुपयांचं पाकीट केलं होतं. तू एकटीनं एकशे एक घातलेस. माझी आई मालवणची, आहेर बघायला बसली की तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "एकशे एक? ही मास्तरीण मोठ्या घरातली दिसता गो!" म्हणाली. रजा संपवून आल्यावर मी तुला विचारलं, अगं, एवढे कशाला? तर तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "आहेरात वरचा एक रुपया कशासाठी घालतात? सारखे वाटे पडू नयेत, जोडपं एकत्र राहावं म्हणून ना? मग एक्कावन्न काय कामाचे? सतरा त्रिक एक्कावन्न. तीन वाटे सरळ पडतात. एकशे एक मूळ संख्या आहे. तिला फोडून दाखव."

माझा संसार टिकला त्याचं श्रेय तू शेवटपर्यंत त्या एकशे एकला देत आलीस. माझ्या सहनशक्तीला कुणी काही दिलं नाही.

तुझ्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षाच होती. लोक दुकानं बघतात, तू गाड्यांच्या मागचे आकडे बघायचीस. एकदा स्टेशनबाहेर रिक्षा थांबवलीस आणि आत बसायच्या ऐवजी तिच्या मागे जाऊन उभी राहिलीस. "शुभे, चोवीसशे एक्क्याण्णव! अडीच हजारांतून नऊ वजा! म्हणजे सत्तेचाळीस गुणिले त्रेपन्न!" रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "मॅडम, बैठना है या गाडी खरीदनी है?" मी शरमेनं अर्धी झाले. तू मात्र त्याला त्याच्या नंबरचे अवयव समजावून सांगितलेस आणि तोही ऐकत बसला. मुलुंड येईपर्यंत त्यानं आणखी दोन रिक्षांचे नंबर तुला विचारले होते.

आणि तुमच्या सोसायटीतले ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आठवतात? नवी गाडी, खास मिळवलेला नंबर, ओळीनं चार एक. "शुभ नंबर आहे, ताई. कधी तुटणार नाही," असं पेढे देताना म्हणाले. तू पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "अकरा गुणिले एकशे एक." बिचाऱ्यांचा चेहरा बघवेना. मी तुला कोपर मारलं. मग त्यांना बरं वाटावं म्हणून तू म्हणालीस, "पण दोन्ही तुकडे अस्सल आहेत हो. त्यांच्यापुढे काही फुटत नाही." ते म्हणे पुढे बरेच दिवस तुला लिफ्टमध्ये टाळत होते.

त्याच संध्याकाळी तुमच्या गच्चीवर आपलं ते भांडण सुरू झालं. तू एक-एक वाढवत गेलीस. तीन एक, तीन गुणिले सदतीस. पाच एक, एक्केचाळीस गुणिले दोनशे एक्काहत्तर. सहा एकांचा तर भुगाच होतो: तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस, इतके जण त्यांना भागतात. मी कंटाळून म्हटलं, "आणि सात?" तू थांबलीस. "सात एक. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तूच सांग, फुटेल?"

मला ती संख्या ऐकायलाच आवडली. म्हटलं, नाही फुटणार. सहा एकांच्या त्या संख्येपुढे एक शून्य ठेवलं आणि वर एक ठेवला, की झाली ही. वरचा एक घातलाय ना, मग वाटे कसे पडतील? तुझंच तत्त्व तुला परत केलं म्हणून मी खूश होते. तू नुसतं "बघू" म्हणालीस. मग मी संख्या कशा कोरड्या असतात यावर बोलले, तू मराठी व्याकरणात नियमांपेक्षा अपवाद कसे जास्त असतात यावर बोललीस, आणि चहा गार झाला. पुढे कैक वर्षं आपण दोघी तो विषय काढायचो आणि तिथेच सोडायचो.

मग तुझ्या किडन्यांनी दगा दिला. मुलुंडच्या त्या डायलिसिस सेंटरमध्ये आठवड्यातून तीनदा तुला यंत्राला जोडायचे. मी शेजारच्या स्टुलावर. तुझा डावा हात नळ्यांना बांधलेला, पाणी मोजून मिळणार, बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तू तासन्‌तास पडून राहायचीस. तुला सगळ्यात जास्त काळजी होती ती तुझ्या रविवारच्या बायकांची. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायका. विहाराच्या हॉलमध्ये तू त्यांना गणित शिकवायचीस. कुणाची शाळा सातवीत सुटलेली, कुणाची त्याच्याही आधी. कुणी पोळी-भाजी केंद्र चालवतं, कुणी हॉस्पिटलात आया आहे. बाकीचे विषय त्या कशाबशा उरकतात, अडतात त्या गणितात.

"माझ्यानंतर वर्ग तू घे," असं तू एकदा सहज म्हणालीस. मी तडकलेच. एक तर 'माझ्यानंतर' हे शब्द मला ऐकायचे नव्हते. आणि दुसरं, मी आणि गणित? दहावीला मी काठावर पास झालेली, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तुझ्या फळ्यासमोर उभी राहून मी त्या बायकांची वाट लावली असती. तू वाद घातला नाहीस. बर्फाचा खडा एका गालातून दुसऱ्या गालात नेलास आणि म्हणालीस, "पैज लाव. सात एक नाही फुटले, तर तू सुटलीस. फुटले, तर वर्ग तुझा."

मी पैज घेतली, कारण मला खात्री होती. आणि खरं सांगू? ते चार तास जाण्यासाठी काहीतरी हवंच होतं.

नियम तुझेच. मोबाइलवर बघायचं नाही, कॅल्क्युलेटर नाही, हातानं भागायचं. फक्त मूळ संख्यांनीच भागायचं, कारण बाकीच्या त्यांच्यातूनच झालेल्या असतात. आणि एक हजार चौपन्नच्या पुढे जायचं नाही. "दोन तुकडे पडायचे तर लहान तुकडा त्याच्या आतच सापडणार," तू म्हणालीस. "दोन्ही त्याहून मोठे असले तर गुणाकार आपल्या संख्येच्या पुढे जाईल ना?" मला हे पटायला अख्खी दुपार लागली, पण पटलं. तू मूळ संख्या सांगणार, मी भागून बाकी मोठ्यानं वाचणार, असं ठरलं.

सुरुवातीला मी फार ऐटीत होते. सातनं भागलं, बाकी एक. अकरानं, बाकी एक. तेरानं, पुन्हा एक. "बघ," मी म्हणायची, "वरचा एक कसा राखण करतोय." सदतीसलाही तोच उरला. पण बाकीच्यांना काही नेम नव्हता. त्र्याहत्तरनं भागलं तर बाकी एक्कावन्न आले, आणि तू एवढ्या मोठ्यानं "स्टाफरूमचा आहेर!" म्हणून ओरडलीस की सिस्टर धावत आली. तुझ्या लाडक्या एकशे एकनं बाकी दहा ठेवले.

मशीन सांभाळणारा रोशन आपल्याकडे संशयानं बघायचा. एक दिवस हळूच वाकून म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. तुम्ही दोघी मटक्याचा आकडा लावता ना? मला पण एक द्या ना यार, ओपन-क्लोज काहीपण चालेल." तू हसलीस आणि त्याला सगळं नीट सांगितलंस. पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर त्याचा पहिल्यांदा विरस झाला. नंतर मात्र दर वेळी नळ्या जोडताना विचारायचा, "मागच्या वेळी किती बाकी राहिली?"

भाजक तीन आकडी झाले तेव्हा मी रडकुंडीला आले. तेव्हा तू मला ती पद्धत दाखवलीस. आधी कागदाच्या कडेला भाजकाचा पाढा लिहून काढायचा, एक ते नऊ. मग भागाकार करायचा नसतोच, फक्त बाजूला बघून ओळ निवडायची. "अंदाजानं भागायला जातात म्हणून बायकांचं चुकतं," तू म्हणालीस. "त्यांना सांगायचं, आधी पाढा मांडा, मग घाबरा." त्यांना सांगायचं, असं तू कुणाला उद्देशून म्हणत होतीस, ते माझ्या डोक्यात त्या दिवशी आलं नाही. मी पाढा मांडण्यात गुंगले होते.

शेवटच्या दिवशी आपण दोनशे एकोणतीसवर होतो. बाकी तीन आली. फक्त तीन! मी सुटकेचा निःश्वास टाकला. तू डोळे मिटून म्हणालीस, "जवळ आलीस हं." मी म्हटलं, गणितात जवळ-बिवळ काही नसतं, भाग जातो किंवा जात नाही, तूच शिकवलंस. "पुढची दोनशे तेहतीस," तू म्हणालीस. "पण आता दमले गं. परवा करू." तो परवा आलाच नाही.

त्यानंतर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून सांगते. कार्यक्रम झाल्यावर लताचा फोन आला. तुझी पोळी-भाजीवाली लता. "बाई, हॉलची चावी माझ्याकडे आहे. रविवारी उघडू, की परत देऊन टाकू?" मी म्हटलं, सांगते. आणि सांगितलं नाही. मोबाइल समोरच होता, सात एक टाकले असते तर निमिषात उत्तर आलं असतं. मला ते नको होतं. वर्गाची भीती होतीच, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पैज सुटली नव्हती तोवर आपलं बोलणं संपलेलं नव्हतं. दोनशे तेहतीसला मी हात लावला नाही, म्हणजे 'परवा' अजून यायचा होता. मला तो तसाच हवा होता. तुझी फार आठवण येत होती गं.

मग एक दिवस सेंटरमध्ये राहिलेली तुझी शाल आणायला गेले. तुझ्या खुर्चीवर दुसरेच कुणी गृहस्थ झोपले होते. रोशननं शाल घडी करून ठेवली होती. ती हातात देताना त्यानं सांत्वन वगैरे काही केलं नाही. म्हणाला, "मॅडम, तो नंबर फुटला का?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग करा ना पूर्ण. मी पण थांबलोय."

खाली नारळपाणीवाल्याजवळ बाकडं आहे, तिथे बसले. पर्समध्ये दुकानाचं बिल होतं, त्याच्या पाठीवर लिहायला लागले. दोनशे तेहतीस. पाढा मांडला, भागलं, बाकी एकशे सदुसष्ट. बरं वाटलं. पुढची मूळ संख्या सांगायला तू नव्हतीस, ती माझी मलाच शोधावी लागली. दोनशे पस्तीस पाचाच्या पाढ्यात येतात. दोनशे सदतीसला तीन भागतात. दोनशे एकोणचाळीस. तिला काहीच भागेना. कडेला पाढा लिहिला, तू सांगितलास तसा, नवापर्यंत. भागत गेले. चार. सहा. चार. उरले दोनशे पंधरा. वर एकच आकडा शिल्लक होता, शेवटचा एक. तो खाली उतरवला. दोन हजार एकशे एक्कावन्न झाले. कडेला पाहिलं. पाढ्याच्या शेवटच्या ओळीत तेच लिहिलेलं होतं, दोन हजार एकशे एक्कावन्न.

बाकी शून्य.

मी ते तीनदा तपासलं. मग नारळपाणीवाल्यासमोर, भर रस्त्यात, ढसाढसा रडले. त्यानं घाबरून एक शहाळं फोडून दिलं आणि पैसे घेईना.

दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. त्या दुसऱ्या तुकड्यालाही मी घरी जाऊन भागून पाहिलं, तो काही हलत नाही. दोन्ही अस्सल. आपण दोघी जिथे थांबलो तिथून दोनच पावलांवर होतं गं ते. मला तुझ्यासाठी फार वाईट वाटलं, की तुला हे कळलंच नाही, कळायला हवं होतं. म्हणून मित्राला फोन लावला. म्हटलं, मित्रा, तुझ्या आईची संख्या फुटली.

"दोनशे एकोणचाळीस ना?" ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"मावशी, आई मला लहानपणी झोपवताना हेच सांगायची. सहा एक कुणीही फोडेल, सातांना दम लागतो. दोनशे एकोणचाळीसपर्यंत जाईल त्यालाच कळेल." मग म्हणाली, "तिनं तुला सांगितलं नव्हतं?"

नाही, तिनं मला सांगितलं नव्हतं! सुजाता, लबाड बाई, रडीचा डाव खेळलीस तू! गच्चीवर "बघू" म्हणालीस तेव्हाही तुला माहीत होतं. पैज लावलीस तेव्हाही. "जवळ आलीस हं" म्हणालीस तेव्हा तर तू मला सरळसरळ चिडवत होतीस. मी मित्राला म्हटलं, मग माझ्याकडून एवढे भागाकार कशाला करून घेतले? मित्रा म्हणाली, "सरळ 'ये, तुला शिकवते' म्हणाली असती, तर तू बसली असतीस का?"

नसते बसले. तुला मी ओळखते त्यापेक्षा तू मला जास्त ओळखत होतीस. एक हात यंत्राला बांधलेला असताना, घशाला कोरड पडलेली असताना, तू माझी शिकवणी घेत होतीस आणि मी समजत होते की मी तुझा वेळ घालवते आहे. तुझा राग येतो. आणि तुला मिठी मारावीशी वाटते. हे दोन्ही एकाच वेळी होतंय आणि त्याला मराठीत शब्द नाही. नोंद करून ठेव, मराठीची बाई हरली.

एक गोष्ट मात्र तुला माझ्याकडून ऐकावी लागेल. तू म्हणायचीस, वरचा एक असतो तो वाटे पडू नयेत म्हणून. मीही तेच धरून बसले होते. पण बाकड्यावर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोनशे पंधरा उरले होते, तिथे भाग अडला होता. तो शेवटचा एक खाली उतरवला तेव्हाच तो पूर्ण गेला. त्या एकानं अडवलं नाही, त्यानंच जुळवून दिलं. हे तुलाही कधी सुचलं नसेल.

परवाच्या रविवारी मी हॉलवर गेले. लतानं दार उघडून, झाडून, फळा पुसून ठेवला होता. सगळ्या आल्या होत्या. मागच्या ओळीतली एक जण म्हणाली, "बाई, तुम्ही मराठी घेणार ना?" मी म्हटलं, "गणित." त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. खडू माझ्या हातातून दोनदा पडला. तुझी शाल खांद्यावर होती, ती सारखी केली आणि फळ्यावर सात एक लिहिले, एका ओळीत.

"ही फुटेल की नाही?" मी विचारलं.

"नाही फुटणार," लता ठामपणे म्हणाली. "सगळे एकच आहेत की. बाई, तुम्हाला माहितीये ना?"

सुजाता, उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"बघू," मी म्हटलं. "दोनपासून सुरू करा."